यूनुसभाईंचं कोरड्यातलं जहाज

यूनुसभाईंचे वडील जैतापूरच्या खाडीकाठी मचवे, म्हणजे दर्यात जाणाऱ्या मोठ्या लाकडी होड्या, बांधायचे. यूनुसभाई मात्र बाविसाव्या वर्षी दुबईत आले आणि चौतीस वर्षं समोरून खऱ्या, मागून पोकळ अशा वस्तू बनवत राहिले. लग्नाच्या कमानी, प्रदर्शनातले किल्ले. कार्यक्रम उरकला की सगळं कचऱ्याच्या ट्रकमध्ये.

या डिसेंबरात त्यांच्या इव्हेंट कंपनीला एका मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या जुन्या घरात फॅमिली ख्रिसमस करायचा होता. थीम व्हायकिंग, उत्तरेकडचे जुने दर्यावर्दी. चौकात ड्रॅगनच्या तोंडाचं जहाज, त्यात मुलं बसणार आणि शिंगांची टोपी घातलेला सांता भेटी वाटणार. घर जुनं, जपलेलं. भिंतीला खिळा मारायची बंदी, म्हणजे जहाज कशाचाही आधार न घेता उभं राहायला हवं. म्हणून यूनुसभाईंनी जाड लाकूड मागितलं. आलं पातळ प्लायवूड. मॅनेजर तहसीनमॅडम म्हणाल्या, आठच मुलं बसवू.

तीन दिवस गुडघ्यांवर बसून यूनुसभाईंनी ते जहाज उभं केलं. कार्यक्रमाच्या दुपारी त्यात एकवीस मुलं चढली.

पहिली करकर यूनुसभाईंनीच ऐकली. त्यांनी मॅडमना सांगितलं, तर फोटो चाललेत, दहा मिनिटं थांबा, असं उत्तर आलं. वाद घालणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. ते जहाजाच्या मागे गेले, जमिनीवर बसले, पाय दगडी ओट्याला रोवले आणि ड्रॅगनच्या मानेला पाठ लावली.

दहाची वीस मिनिटं झाली. पाठ भरून आली, मांड्या थरथरू लागल्या. एक छोटी मुलगी डोकावली. "अंकल, आर यू हायडिंग?" तिला शोधत आई आली, दुबईतल्याच डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीत राहणारी काव्या. यूनुसभाई मराठीत पुटपुटताना तिने ऐकलं.

"ताई," ते म्हणाले, "पोरांना उतरवा. एकेक करून. ओरडू नका, घाबरून एका बाजूला धावतील."

काव्या शहाणी. भेटी आता दरवाजापाशी मिळणार, असं तिने मुलांना सांगितलं आणि हाताला धरून एकेकाला उतरवलं. शेवटचा मुलगा उतरल्यावर यूनुसभाई पाठ काढून बाजूला सरकले. ड्रॅगनचं डोकं कडाडलं आणि रिकाम्या फळ्यांवर आदळलं. लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. काहींनी टाळ्या वाजवल्या. तहसीनमॅडमचा चेहरा तेवढा पांढरा पडला.

यूनुसभाईंना उठता येईना. काव्याने खुर्ची आणली, पाणी दिलं.

"बाबांच्या मचव्यातून तीस माणसं दर्यात जायची," ते हळूच म्हणाले. "मला कोरड्यात पोरं सांभाळायला पाठ लावावी लागली."

मॅडमनी दुसऱ्या दिवशी माफी मागितली, पुढच्या वेळी जाड लाकूड देईन म्हणाल्या. यूनुसभाईंनी मान डोलावली आणि जानेवारीअखेर राजीनामा दिला.

जैतापूरला घरी पोचल्यावर बायकोने, साजिदाने विचारलं, आता इथे काय करणार? त्यांनी चपला काढल्या, झोपाळ्यावर अंग टाकलं आणि दुपारच्या जेवणाला उठवू नकोस, एवढंच सांगितलं.