नडगीच्या हाडाची फिर्याद

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते कागलच्या शाळेतल्या दस्तगीर मास्तरांचे. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पाटीला हात लावला नव्हता. मास्तरांनी मला कोल्हापुरात आणून महाराजांच्या वसतिगृहात ठेवले, म्हणून मी पदवीधर झालो आणि पुढे फौजदार. नोकरीतल्या एकाच प्रकरणाबद्दल मी त्यांना पत्र लिहिले. ते प्रकरण अजून मनातून गेलेले नाही.

सकाळची हजेरी घेऊन मी ठाण्यात बसलो होतो. शाहूवाडीकडचा एक वयस्क शेतकरी तरातरा आत आला.

"फौजदारसाब, डाक्तरानं माझ्या पोरीचं हाड चोरलं!"

हवालदार हसला. मी त्याला डोळ्यांनी दटावले. "पावणं, बसा. कुठलं हाड?"

"पायाचं! दुखणं मानंचं, आन् चिरलाय पाय. धडधाकट पाय हुता की ओ! इस्पितळातल्या झाडूवाल्यानंच सांगितलं, नडगीचा तुकडा काढला म्हणून. गाडी जुपून आणलीया. मी पोरीला घिऊन जातो, तुम्ही चोर धरा."

फिर्याद टिपून घेतली आणि त्याच्याबरोबर इस्पितळात गेलो. मुलगी विशीची. मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, नजर छताला. विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरांचा जबाब घेतला.

"क्षयाने मानेचे मणके पोखरलेत. हात बधिर होत चालले होते. नडगीचा पातळ तुकडा काढून मणक्यांवर मागून बसवला. तो आणि मणके मिळून एकच हाड होईल. पाय भरून येतो. पण तीन महिने मान हलता कामा नये. आज गाडीत घातलीत, तर पंचगंगेच्या पुलापर्यंतही जिवंत जाणार नाही."

परवानगीच्या कागदावर अंगठा मुलीच्या नवऱ्याचा होता. तो खांबाआड उभा होता. त्याला सासऱ्यापासून लांब नेऊन विचारले. "मला ठाव न्हाय," एवढेच बोलला. मी दुसरा प्रश्न केला नाही, नुसता थांबलो. खोटे बोलायची सवय नसलेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

"डाक्तरनं समदं सांगितलं हुतं, साब. मामांस्नी मीच बोललो न्हाय. माझी सासू अशीच इस्पितळात आणलेली, ती परत आलीच न्हाय. मामांनी हिला हात लावू दिला नसता."

फिर्याद हाडाची नव्हती, हे तेव्हा उमगले.

परत आलो तर म्हातारा मुलीच्या उशाची एक पिशवी काढायला वाकला होता.

"थांबा पावणं! चोरीचा माल गावला."

त्याचा हात थबकला. "कुठं?"

"तुमच्या पोरीच्या मानंत. मुद्देमाल हाय त्यो. चौकशी संपल्याबिगर जागचा हलवता येत न्हाय. राखण तुम्हीच करायची."

त्याने मुलीच्या मानेकडे पाहिले. "मंजी तिचं हाड तिच्यातच हाय?"

"व्हय."

"आन् ती? ती माघारी यील?"

"मान हलली न्हाय तर यील."

त्याने पिशवी नीट सारली आणि जावयाला सांगून गाडी गावाकडे परत धाडली. तीन महिने तो तिच्या पायथ्याशी बसून होता. मी अधूनमधून जाई. एकदा नवऱ्याने काही थट्टा केली, तर हा ओरडला, "हसवू नगंस तिला! मान हलली तर फौजदार मलाच आत टाकंल!"

फिर्यादी काय गेले म्हणून सांगतो ते लिहून घ्यावेच. पण त्याला काय जाण्याची भीती आहे, तेही विचारावे. ही गोष्ट मी त्या बापाकडून शिकलो. चौकशी बंद केली त्या दिवशी लिहिलेले पत्र असे:

"तीर्थस्वरूप मास्तरांस सादर नमस्कार. आपण खरे बोलायला शिकवलेत. मी एका बापाला कायद्यात नसलेला नियम सांगितला. दप्तरात मात्र खरे तेच लिहिले आहे. रागवायचे तर रागवा. आज त्याची मुलगी स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत आली. तिची मान आता फारशी वळणार नाही. बाप तिच्या मागे होता. हाक मारायला त्याने तोंड उघडले आणि मिटले. मग वळसा घालून तिच्या समोर जाऊन उभा राहिला, आणि म्हणाला, 'चल बाय, घरला.'"