रजिस्टरातला हेल्पर

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात. एकाचं म्हणणं, कंपनीने नोकरीसाठी पदवीची अट काढली ते फार बरं झालं. दुसरीचं म्हणणं, मग आम्ही चार वर्षं काय गवत उपटलं? "आजी, तू सांग," म्हणालात, आणि मी गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं. मला उत्तर देता आलं नाही. त्याचं कारण फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

तुमचे पणजोबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या रुळांवर काम करायला सुरतेला आले. गावाकडे आमच्या नावाचा सातबारा नव्हता, कधीच नव्हता. शिक्षणाचा कागद तेवढा कुणाला काढून घेता येत नाही, असं ते म्हणत. म्हणून मला इंग्रजी शाळेत घातलं आणि मी बी.ए. झाले. त्या कागदावर मला कापड रंगवणाऱ्या एका मिलच्या ऑफिसात जागा मिळाली. तिथे त्याआधी बाई नव्हती, आणि आमच्या समाजातलं तर कुणीच नव्हतं. माझी जात, माझं मराठी, माझी साडी, यांवर बोलणारे होते. माझ्या पदवीवर बोलायची सोय नव्हती.

पुढे कामगारांचं रजिस्टर माझ्याकडे आलं. तेव्हा मिलमध्ये शेठच्या मामाचा मुलगा सकाळी येई आणि दुपारी सुपरवायझर होई. मी शेठना सांगून नियम करून घेतला की सुपरवायझर किंवा त्यावरचा हुद्दा हवा, तर प्रमाणपत्र दाखवा. शिक्षणाच्या रकान्यात जे असेल, त्याप्रमाणे हुद्द्याचा रकाना भरायचा. मामाची मुलं थांबली. त्या नियमाचा मला अभिमान होता. आजही थोडा आहे.

त्याच सुमारास खानदेशातून एक मुलगा मजुरीला आला. दहावी नापास. पिंपं उचलता उचलता तो रंग ओळखायला शिकला, आणि काही वर्षांत सगळे त्याला मास्तर म्हणू लागले. व्यापाऱ्याने कापडाचा तुकडा पाठवला की तो रंग आपल्या कापडावर हुबेहूब उतरवायचा, हे मास्तरांचं काम. त्याआधी ते सिमेंटच्या बिनरंगी भिंतीकडे बराच वेळ बघत उभे राहत. डोळ्यांत आधीचा लाल उरला असेल तर पुढचा निळा खोटा दिसतो, असं म्हणत. पोरं चिडवत, "मास्तर देवदर्शनाला गेले." मग ओला तुकडा वाफेच्या गरम नळावर वाळवून, दारातल्या उजेडात धरून ते सांगत, पिवळा चिमूटभर कमी करा. मिलने रंग जुळवणारा संगणक घेतला, त्यानंतरही शेवटचा शब्द त्यांचाच होता.

आणि दर जानेवारीत मी नवं रजिस्टर सुरू करत असे. सुबक अक्षरात, शाई न फुटू देता. शिक्षण: दहावी नापास. हुद्दा: हेल्पर. बावीस वर्षं. मला ते माहीत नव्हतं असं नाही. रोज बघत होते. पण रकान्याशी रकाना जुळला पाहिजे, एवढंच मी पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी, मी निवृत्त झाल्यावर, शेठनी मला काही दिवस परत बोलावलं. परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली होती की रंग जुळवणाऱ्या लॅबला नेमलेला इन्चार्ज हवा. इंग्रजीत जाहिरात मीच लिहिली: रसायनशास्त्राची पदवी आवश्यक. आलेल्या अर्जांमध्ये मास्तरांचा अर्ज निघाला, त्यांच्या मुलीच्या अक्षरात. इतकी वर्षं ते सांभाळत होते ती खुर्ची आता त्यांना अर्ज करून मागावी लागत होती. नाही मिळाली, तर कालपर्यंत ज्यांना सांगत होते त्यांचं ऐकावं लागणार होतं.

ते मला दारात भेटले. एरवी माझ्याशी नीट मराठीत बोलणारे मास्तर त्या दिवशी घरच्या अहिराणीवर आले. "मनाजोडे कागद नही, ताई." माझ्याकडे कागद नाही. मग हसून म्हणाले, "पण काम आहे ना."

मास्तरांनाच घ्या, असं सांगायला मी शेठकडे गेले. वाटलं होतं, ते नाही म्हणतील. पण त्यांनी गिऱ्हाइकाचं पत्रच पुढे केलं, मी तोवर न पाहिलेलं. त्यात लिहिलं होतं, पदवी किंवा त्या कामाचा दहा वर्षांचा अनुभव, कंपनीच्या नोंदींवरून सिद्ध झालेला. शेठना मास्तरच हवे होते. म्हणाले, बेन, नोंदी काढा, आजच पाठवू.

मी कपाट उघडलं. बावीस रजिस्टरं ओळीने उभी होती, पाठीवर माझ्याच हातच्या चिठ्ठ्या. एक काढलं, दुसरं काढलं, मग पुढची काढायची गरज उरली नाही. त्या कागदांप्रमाणे मास्तरांना रंगाचा एका दिवसाचाही अनुभव नव्हता.

शेठनी एक रजिस्टर उघडून पाहिलं, मिटलं. मग हळूच म्हणाले, "आ नियम तो तमे ज बनाव्यो तो, बेन." हा नियम तर तुम्हीच केला होता. टोमणा नव्हता. असता तर सोसायला सोपा गेला असता.

तरी मी दोन पानांचं निवेदन लिहिलं. मास्तर काय करत, किती वर्षं करत, मी काय पाहिलं आणि काय लिहिलं, सगळं. गिऱ्हाइकाच्या माणसाने ते वाचलं आणि सभ्यपणे परत केलं. नोंद आणि निवेदन यांत फरक असेल तर आम्ही नोंद धरतो, म्हणाला. त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

जागा सुरतेतल्याच गोडादऱ्याच्या एका मुलीला मिळाली. वडील पॉवरलूमवर, घरातली पहिली पदवी तिचीच. मुलाखतीत ती खुर्चीच्या काठावर बसली होती, माझ्या वेळी मी बसले होते तशीच. तिचं काही चुकलं नव्हतं आणि तिला नाकारावं असंही मला वाटलं नाही. म्हणून म्हणते, तुमच्या भांडणात मला बाजू घेता येत नाही.

मास्तरांना हे मी स्वतः सांगायचं ठरवलं. डिंडोलीला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने पोहे केले, खाल्ल्याशिवाय बोलू दिलं नाही. मग मी निवेदनाची प्रत त्यांच्या हातात दिली. इंग्रजीतलं होतं. मुलीने एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. भिंतीकडे बघत उभं राहण्याचं आलं तेव्हा ती थांबली, कारण हे तिला ठाऊक नव्हतं. मास्तर खाली बघत ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, नव्या पोरीला रंग दिसतो का? मी म्हटलं, शिकेल. त्यांनी मान हलवली. कागदाची घडी घालत म्हणाले, "चांगलं लिहिलंय, ताई. हे तेव्हाच लिहायचं होतं."



महिन्याभराने त्यांनी मिल सोडली. आता ते पांडेसऱ्यात एका लहान कापड छपाईवाल्याकडे आहेत. त्याने कागद विचारला नाही, हातात तुकडा दिला. तिथे रजिस्टर आहे की नाही, मला माहीत नाही.

मी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मिलमध्ये जाते. शेठनी पगार देऊ केला होता, मी नको म्हटलं. रंगखात्यात स्टूल टाकून बसते आणि जो माणूस जे काम करतो ते करताना बघून, त्यालाच विचारून, त्याच्या नावापुढे लिहिते. वेळ लागतो. शिक्षणाचा रकाना तसाच ठेवला आहे, फक्त हुद्दा त्याला बांधलेला नाही. पानाखाली शेठची सही घेते, तारखेसकट. मामाची मुलं आता यातूनही शिरतील, असं शेठ म्हणतात. शिरतील कदाचित. म्हणून मी ऐकीव काही लिहीत नाही, समोर पाहिलेलंच लिहिते. आजवर नऊ जणांचं झालं आहे. एकवीस राहिले आहेत.