शेंगदाण्याऐवजी

उल्हासनगर कॅम्प पाचमधला तो सुक्या मेव्याचा सिंधी दुकानदार मागितलेली वस्तू सोडून बाकी सगळं देतो. हत्ती मागा, दोन म्हशी बांधून देईल आणि वर म्हणेल, "साई, दूध पण मिळेल."

माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. एक दाणा पोटात गेला तरी श्वास अडकतो. पण वर्गात सगळ्यांच्या डब्यात पीनट बटर, म्हणून तिला तसंच काहीतरी हवं होतं.

"दाण्याची चिक्की घे," तो म्हणाला.

"शेठ, दाणाच नको."

"मग भाजलेला घे. भाजला की त्यातलं वाईट जळून जातं, साई."

मी तासभर समजावलं. तेवढ्या वेळात बदलापुरात एक सात मजली इमारत उभी राहिली असेल.

शेवटी काजू ठरले. त्याने पत्र्याचं माप काजूच्या पोत्याकडे नेलं आणि मध्येच थांबून हातातल्या मापाकडे बघत राहिला. सकाळपासून ते माप शेंगदाण्यातच होतं.

"हे नको," म्हणत तो स्टुलावर चढला, सूर्यफुलाच्या बियांचं सीलबंद पाकीट काढलं आणि चष्मा लावून मागची बारीक अक्षरं दोनदा वाचली. "हे भाज, वाट, थोडा गूळ टाक."

सुटलो एकदाचा, म्हणून मी पिशवी उचलली.

"आणि साई, मिक्सरचं भांडं नवीन घे. जुन्यात कूट करत असशील."

आईच्या उपवासाचं कूट आमच्याकडे त्याच भांड्यात होतं. तासभर त्याला अक्कल शिकवणारा मी पिशवी धरून तिथेच उभा राहिलो.