वीतभर जुनं, वीतभर नवं

चष्मा लावणाऱ्याला लोक चार डोळ्यांचा म्हणतात. आमच्या मास्तरांना सहा होते. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर. नाकावरचा नवा, कपाळावरचा जुना. डॉक्टरांनी नंबर बदलून दिल्याला आठ महिने झाले होते, तरी मास्तरांनी नव्याला अजून आपलं म्हटलं नव्हतं. कापडातला दोष ते आधी नव्यातून बघायचे, मग चष्म्यांची अदलाबदल करून जुन्यातून. दोघांचं एकमत झालं तरच धागा तुटला असं जाहीर व्हायचं.

भवानी पेठेतल्या एका चादरींच्या कारखान्यात ते डिझाइन मास्तर होते. चादरीवरचा मोर, वेल, चौकट, सगळं ते कॉम्प्युटरवर एकेक घर भरून काढत आणि मग ते डिझाइन मागावर जाई. मी केम गावची. करमाळ्यात कॉम्प्युटरचा कोर्स करून आले होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं होतं. ते बसवायचं, मास्तरांची जुनी डिझाइनं त्यात आणायची आणि पुढे जमलंच तर त्यांची खुर्ची सांभाळायची, यासाठी मालकांनी मला घेतलं होतं.

मी पहिल्याच आठवड्यात पराक्रम केला. सगळी डिझाइनं एका दुपारीत नव्या व्हर्जनमध्ये ओतली आणि जुनं व्हर्जन काढून टाकलं. उगाच जागा कशाला अडवायची? मास्तर चहा पीत बघत होते. “झालं पन? लई फास्ट हाय की पोरगी,” एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात एका लग्नाच्या रुखवतासाठी चादरींचं काम आलं. मधोमध समोरासमोर तोंड केलेले दोन मोर, हे मास्तरांचं सर्वांत गाजलेलं डिझाइन. पहिली चादर मागावरून उतरली आणि सगळे कामगार तिच्याभोवती गोळा झाले. दोन्ही मोरांनी एकमेकांकडे पाठ फिरवली होती. “लग्नाआधीच भांडण लागलं की बे!” कुणीतरी ओरडलं आणि सगळा कारखाना हसायला लागला. जुन्या व्हर्जनमध्ये घरं मधून मोजली जात, नव्यात काठापासून. ते मी बघितलंच नव्हतं. आता ताडून बघायला जुनं व्हर्जनही उरलं नव्हतं. मला वाटलं, संध्याकाळच्या गाडीनं केमला परत.

मास्तर उठले. कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी झाकलेलं होतं, ते त्यांनी उघडलं. एक जुनाट कॉम्प्युटर निघाला. त्यात जुनं व्हर्जन ठणठणीत होतं.

“तू काढशील हे मला म्हाईत होतं,” ते म्हणाले. “नवी सून आली म्हणून सासूला त्याच दिवशी काशीला धाडायचं न्हाय, पोरी. थोडे दिवस दोघींनी एका चुलीवर रांधू दे. कुणाच्या आमटीत मीठ कमी पडतंय ते कळतंय की.”

तिथून आमचा नवा संसार सुरू झाला. शेजारी शेजारी दोन कॉम्प्युटर, एकात जुनं व्हर्जन, एकात नवं. प्रत्येक डिझाइन दोन्हींतून काढायचं, एकाच मागावर वीतभर जुन्याचं, वीतभर नव्याचं कापड विणायचं. मग मास्तर दोन्ही चष्मे काढून ठेवत, डोळे मिटत आणि कापडाच्या उलट्या बाजूवरून बोटं फिरवत धागे मोजत. त्यांच्या घरची भाषा तेलुगू, त्यामुळे मोजणीही तेलुगूतच. ओकटी, रेंडु, मूडु. ऐकून ऐकून मीही तशीच मोजायला लागले. एकदा गावी भाकरी मोजताना तोंडातून तेच निघालं आणि आईनं घाबरून माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

मास्तर जुन्याचे कैवारी आहेत असं मला वाटे. पण एका वेलीत जुन्या व्हर्जनचीच चूक निघाली, गेली कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात न आलेली. मास्तरांना कोण आनंद! तो तुकडा घेऊन ते प्रत्येक मागापाशी जाऊन आले. “बघा बे, सासू पन चुकती!”

वर्षभरात सगळी डिझाइनं जुळली. मास्तरांनी जुन्या कॉम्प्युटरला हात जोडले, “लई केलंस बाई,” म्हणाले आणि मला खूण केली. बटण मीच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी जुन्या कॉम्प्युटरच्या जागी मास्तरांची खुर्ची होती, शेजारी माझी. “आता म्हातारं व्हर्जन मी, नवं तू,” ते म्हणाले. “तेच डिझाइन दोघांनी काढायचं, एकमेकाचं न बघता. वीतभर तुझं, वीतभर माझं. ज्या दिवशी मला फरक कळायचा न्हाय, त्या दिवशी मी घरी. नातीला खेळवायचं हाय मला.”

सुरुवातीला त्यांना क्षणही लागत नसे. “ही तुझी. घाई हाय हिच्यात.” पुढे वेळ लागायला लागला. एके दिवशी त्यांचा चहा निवून गेला तरी बोटं थांबेनात. खुर्ची मला हवी होती, पण मास्तरांशिवायची नको होती. त्यांच्या डब्यात माझ्यासाठी रोज एक जास्तीची भाकरी आणि शेंगाची चटणी असे. या माणसाला मी माझ्या हुशारीनं घरी बसवणार होते.

मग मी एक लबाडी केली. माझ्या तुकड्यात काठाजवळचा एक धागा चुकवायला लागले. मास्तर हात फिरवत, “ही तुझी” म्हणत आणि मी मनातल्या मनात नाचे. चार वेळा हे निभलं. पाचव्या वेळी त्यांनी डोळे उघडले.

“तल्ली,” ते म्हणाले. तेलुगूत लेकीला लाडानं असंच म्हणतात. “ही चूक तुझी न्हाय. तू चुकतीस ती घाईत, वळणावर. ही तर शांत बसून केलीया.”

मला रडूच फुटलं. मास्तर मात्र दोन्ही चष्मे चढवता चढवता असे हसले की कपाळावरचा चष्मा खाली मांडीत पडला. “मला हितंच डांबून ठिवायला लागलीस व्हय?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. डिझाइन तेच, समोरासमोरचे मोर. या वेळी मी जीव ओतून काढलं. मास्तरांनी डोळे मिटले, दोन्ही तुकड्यांवरून सावकाश बोटं फिरवली आणि एक उचलला. “ही माझी.”

तुकड्याला टाचलेली नावाची चिठ्ठी उलटली. नाव माझं होतं. “मास्तर हरले बे!” म्हणून एकच गलका झाला. हरलेल्या मास्तरांनी पेढे आधीच आणून ठेवले होते. ‘त्यांचा’ तुकडा पिशवीत घालून ते सगळ्यांशी थट्टा करत फाटकाबाहेर पडले.

गर्दी पांगल्यावर त्यांचा खरा तुकडा मी हातात घेतला. मास्तर मोराचा डोळा नेहमी एक घर मोठा काढत. उलट्या बाजूला तिथं धाग्यांची बारीक गाठ लागते, ती मलासुद्धा डोळे मिटून लागली. मग त्यांना कशी लागली नसेल?

रविवारी तो तुकडा घेऊन मी त्यांच्या घरी गेले. नात त्यांच्या पाठीवर बसली होती. “मास्तर, तुमी मुद्दाम चुकलात,” मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. नाकावर नवा चष्मा होता. कपाळ रिकामं होतं.

“जुना कुठाय?”

“ठिवला पेटीत,” ते म्हणाले. “नव्यातनं चांगलं दिसतंय आता.” आणि आत वळून त्यांनी माझ्यासाठी भाकरी टाकायला सांगितली.