शून्यानंतरचा भोंगा

लमार होस्टेटरला आमच्या गावात लमार कोणीच म्हणत नसे. तो सगळ्यांचा पॅप, म्हणजे आजोबा. स्वतःचं एकही नातवंड नसताना. उभं आयुष्य त्याने गिरणीत पाळीचा भोंगा वाजवला, आणि गिरणी बंद पडली तेव्हा शेवटचा भोंगाही त्याच्याच हातून वाजला. पुढे कॉलेजने त्याला सॉकरच्या मैदानावर घड्याळाच्या टेबलाशी बसवलं. गोल आणि कार्डं टिपायला शेजारी मी. त्यामुळे त्याच्या बढाया सगळ्यात जास्त माझ्याच वाट्याला आल्या.

कॉलेजच्या सामन्यात घड्याळ उलटं चालतं. शून्यावर आलं की भोंगा आपोआप वाजतो आणि खेळ खलास, मग चेंडू हवेत का असेना. शेवटचे दहा सेकंद माइकवरून मोठ्याने मोजायचं काम पॅपचं. हा गृहस्थ ते डोळे मिटून मोजायचा, आणि त्याच्या ‘शून्य’वर भोंगा वाजायचाच. पोरं पैजा लावून हरली.

“घड्याळाला मीच शिकवलंय, रोडा,” तो म्हणायचा.

“मग आता जरा तोंडालाही शिकव,” मी म्हणायचे.

लांबून आलेल्या खेळाडूंना रविवारी जेवायला घालायची आमच्या गावची पद्धत. व्हर्ना, पॅपची बायको, गेली त्याच वर्षी एमेट थिबोडो त्याच्या वाट्याला आला. मेन राज्याच्या किनाऱ्यावरचा, शेवंडं पकडणाऱ्याचा मुलगा. बचावफळीत खेळायचा, बोलायचा कमी आणि खायचा चौघांचं. पॅप हॅम भाजायचा, मी ॲपल-पाय भाजून न्यायचे. एमेट नसता तर म्हातारा त्या घरात भिंतींशी बोलत बसला असता, हे मी बघत होते.

एमेटच्या शेवटच्या वर्षी आमची पोरं आसपासच्या कॉलेजांच्या परिषदेच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचली, आणि तोही आमच्याच मैदानावर. जिंकणाऱ्याला थेट राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडं. हरणाऱ्याने बूट धुऊन ठेवायचे. अजिंक्यपद आम्ही कधीच जिंकलं नव्हतं. नोव्हेंबरची हाडं गोठवणारी दुपार, तरी अख्खं गाव गोधड्या पांघरून बाकांवर. आम्ही एका गोलने पुढे होतो.

शेवटचं मिनिट लागलं आणि पॅप उभा राहिला. इतक्या वर्षांत तो त्या खुर्चीवरून कधी उठला नव्हता. “बस खाली,” मी म्हटलं. त्याने ऐकलं नाही. चेंडू एमेटच्या पायात होता, आमच्या गोलपासून थोड्याच अंतरावर. पॅपचे डोळे या वेळी उघडे होते, पण घड्याळावर नव्हते. ते त्या पोरावर होते.

“दहा, नऊ, आठ...” मी समोरच्या बोर्डावरच्या आकड्यांकडे पाहिलं. म्हातारा घड्याळाच्या पुढे पळत होता. छातीत धडधडत असणार, आणि त्या धडधडीवरच तो मोजत होता. मी त्याची बाही ओढली. “तीन, दोन, एक, शून्य.”

भोंगा वाजला नाही.

एमेटने चेंडू सोडून दोन्ही हात वर केले होते. चेहराभर हसू. पाहुण्या संघातल्या एका पोराला पॅपच्या आवाजाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने बोर्ड पाहिला, आयता चेंडू पायात घेतला आणि जाळ्यात मारला. त्यानंतर भोंगा वाजला.

पंच टेबलाशी आले, बोर्ड बरोबर आहे का विचारलं. पॅप अजून एमेटकडेच बघत होता, म्हणून मीच ‘बरोबर आहे’ म्हटलं. बरोबरच होता. गोल धरला गेला. जादा वेळेत काही झालं नाही, आणि पेनल्टीत आम्ही हरलो. पेनल्टी मारायला एमेटचं नाव कोचने घेतलंच नाही.

“भोंगा होईपर्यंत खेळायचं, हे पोरांना पाळण्यात शिकवतात,” कोच सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडला. एमेट मान खाली घालून उभा राहिला. आकडे ऐकले होते, एवढं म्हणाला असता तरी पुरे होतं. पॅप लंगडत तिथे गेला. “चूक माझी आहे, कोच. मी आधी मोजलं.”

“खरं घड्याळ बोर्डावरचं, पॅप. तुम्ही घरी जा, गारठलात.” कोचला त्याची दया आली होती. मला त्या दयेचा राग आला, अजून येतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळच्या पेपरात एमेटचा फोटो होता: हात वर, तोंडभर हसू, आणि मागे जाळ्यात चेंडू. पॅपने पेपर चुलीत घातला आणि हॅम भाजायला ठेवला. पोरगा येणार नाही अशी माझी खात्री होती. नेहमीच्या वेळेला तो आला, बूट दाराशी काढले, आणि व्हर्नाच्या खुर्चीशेजारच्या आपल्या जागेवर बसला.

पॅपच्या ताटातलं तसंच होतं.

“तू बोर्डाकडे का नाही बघितलंस?” शेवटी त्याने विचारलं.

एमेटने बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

“तुम्ही मोजत होतात ना, पॅप,” तो म्हणाला.