सासूबाईंच्या सीटची स्पोर्ट्स कार

नाशिकला सातपूरच्या एका शेडमध्ये आम्ही स्पोर्ट्स कार बनवत होतो, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, पुढे काय झालं? पुढे आमच्या मालकांना धंदा वाढवायचं सुचलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मालकांच्या वडिलांचा कारखान्यांना सुटे भाग पुरवायचा व्यवसाय होता. चिरंजीव परदेशातून परतले ते गॉगल आणि एक स्वप्न घेऊन. गॉगल ते शेडमध्येसुद्धा काढत नसत. स्वप्न मात्र खरं होतं, तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मी ड्राफ्ट्समनचा कोर्स करून नुकतीच तिथे लागले होते, शेडमध्ये बाई मी एकटीच. बाजारातल्या एका छोट्या गाडीचं इंजिन, आम्ही जोडलेली लोखंडी चौकट आणि वर फायबरची बॉडी. बॉडीची ड्रॉइंग माझी. दोनच माणसं बसतील अशी, जमिनीलगतची, लाल गाडी. त्र्यंबक रोडला ती पहिल्यांदा धावली तेव्हा मी मालकांच्या शेजारी बसले होते. वळणावर ती अशी चिकटून वळली की मला हसू आवरेना. चांगली गाडी होती ती. एका डॉक्टरांनी घेतली, एका बिल्डरने घेतली, आणखी थोड्या गेल्या. मालकांनी तिथेच थांबून तीच गाडी नीट बनवत राहायला हवं होतं. पण त्यांनी पुण्याहून सल्लागार बोलावला.

सल्लागार टाय लावून आला आणि गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "छान आहे. पण यात सासूबाई कुठे बसणार?"

मला वाटलं, गंमत करतोय. मालक मात्र गंभीर झाले. दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. फळ्यावर सल्लागाराने तीन गाड्या काढल्या होत्या. एक चार सीटची, कुटुंबासाठी. एक उंच, द्राक्षबागाईतदारांसाठी. आणि एक डिझेलवर चालणारी, काटकसरी लोकांसाठी. काटकसरी माणूस स्पोर्ट्स कार कशाला घेईल, हे विचारायची सोय नव्हती, कारण सल्लागार समोरच बिस्किटं खात होता.

"साहेब, मागे छत खाली उतरतं," मी म्हटलं. "मागच्या माणसाचं डोकं लागेल."

"मॅडम, मागे कुणी कायमचं राहणार आहे का? गावातल्या गावात तर जायचंय," सल्लागार म्हणाला.

बॉडी ओतायचा नवा साचा करायला वेळ लागणार होता. मालकांना दिवाळीच्या आत गाड्या दाखवायच्या होत्या, म्हणून त्यांनी जुनाच साचा मधून कापून लांब करायला सांगितला.

"हा कापला तर पहिली गाडी परत बनवता येणार नाही," मी म्हटलं.

"पहिली गाडी आता जुनी झाली," मालक म्हणाले.

ग्राइंडर सुरू झाला तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहिले. महिनोन् महिने घासून गुळगुळीत केलेला साचा होता तो. मला तिथे थांबवेना.

दिवाळीआधी गंगापूर रोडच्या एका लॉनवर तिन्ही गाड्या मांडल्या. लांब केलेली गाडी मधेच ओढल्यासारखी दिसत होती. उंच गाडी म्हणजे तीच बॉडी मोठ्या चाकांवर चढवलेली, साडी खोचून पाण्यात उतरलेल्या बाईसारखी. डिझेलवाली सुरू केली की टेबलावरचे कप वाजायचे. पूजेला पंचवटीतले एक गुरुजी आले होते, चांगले भारदस्त. नारळ फुटल्यावर मालकांना उत्साह आला. "गुरुजी, मागे बसून बघा ना, एक फोटो काढू."

गुरुजी कसेबसे चार सीटच्या गाडीत मागे शिरले. फोटो निघाला. मग गुरुजींना बाहेर येता येईना. आधी डोकं काढावं तर गुडघे अडकत, गुडघे काढावेत तर डोकं. दोघांनी हात धरून ओढलं. सल्लागार लांबून सूचना देत होता.

"मला बाहेर काढा," गुरुजी शांतपणे म्हणाले. "मला पुढे सत्यनारायण आहे."

शेवटी पुढची सीट नटबोल्ट खोलून काढली तेव्हा ते मोकळे झाले. दक्षिणा घेऊन मागे न बघता निघून गेले.

हे सगळं कळवणहून आलेला एक बागाईतदार बघत होता. खरेदीच्या तयारीने आलेला तो एकटाच. मालक त्याला उंच गाडीकडे घेऊन गेले. त्याने नुसती मान हलवली.

"ती बुटकी लाल गाडी कुठं हाय?"

"ती बंद केली. ही तुमच्यासाठीच बनवलीय, शेतातसुद्धा जाईल."

"शेतात जायला ट्रॅक्टर हाय माझ्याकडं. आमच्या भाऊबंदानं लाल घेतली, म्हणून मला लाल पायजे. नाय तर ऱ्हाऊ द्या."

त्याचं कारणही काही थोर नव्हतं. पण गिऱ्हाईक होतं, आणि त्याला द्यायला आमच्याकडे गाडी नव्हती.

त्या तीन गाड्यांतली एकही विकली गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच शेडमध्ये बागेतल्या घसरगुंड्या बनू लागल्या. मी दुसरीकडे लागले आणि इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्यांची ड्रॉइंग काढू लागले.

दोन हजार सालानंतर एकदा आमच्या कंपनीने आम्हा काही जणांना एका इंजिनिअरिंग कॉलेजात व्याख्यानाला पाठवलं. व्याख्याते आमचे जुने मालक. विषय, उत्पादनांची श्रेणी कशी वाढवावी. पडद्यावर त्यांनी तिन्ही गाड्या दाखवल्या, झळझळीत रंगांत. मागच्या सीटवर गुरुजी हसत होते. एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, यातली जास्त कुठली खपली?"

"प्रश्न खपाचा नव्हता," मालक म्हणाले. "आम्ही काळाच्या पुढे होतो."

सभागृहात टाळ्या वाजल्या. शेजारच्या सहकाऱ्याने वाकून विचारलं, "तुम्ही यांच्याकडे होतात ना? कसे होते?"

"गॉगल छान होता," मी म्हटलं.