नॉब सहावर

वाटूर फाट्यावरून मी पुण्याच्या गाडीत बसले त्या सकाळी अण्णा खांबावर होते. फाट्याजवळच एक लग्न होतं, आणि अण्णांचा, माझ्या वडिलांचा, धंदा भोंगे बांधायचा, साऊंड लावायचा. ते खाली उतरले नाहीत. वरूनच ओरडले, "पोचली की फोन कर, बाई!" माय म्हणाली, "उतरले तर रडतील, म्हणून चढून बसलेत."

आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावानं आला. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. नोकरी लागली, फ्लॅट झाला, गिटार शिकले. मग एका कारागिराकडून अँप्लिफायर बनवून घेतला. हातानं जोडलेला, व्हॉल्व्हचा. जुन्या रेडिओत पेटायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा. आठ महिने वाट पाहिली.

तुमच्यापैकी जे गाव सोडून आलेत त्यांना कळेल. इथं हौसेची वस्तू ठेवायला जागा मिळते, वापरायला मिळत नाही. असल्या यंत्राचा खरा आवाज व्हॉल्यूमचा नॉब सहावर गेल्याशिवाय उघडत नाही. मी दोनच्या वर नेला की खालच्या मजल्यावरून मेसेज: "मॅडम, मीटिंग चालू आहे." दोन वर्षं माझ्याच वस्तूचा आवाज मी ऐकला नव्हता. रविवारी त्याच्यासमोर बसायचं, नळ्या लाल होताना बघायच्या, बंद करायचं. कशात जीव लागायचा नाही.

यंदा दिवाळीला गिटारसकट तो गाडीत घातला आणि वाटूरला नेला. मला तो ऐकायचा होता. आणि खरं सांगायचं तर अण्णांनी ऐकून 'बरा आहे' म्हणावं, एवढंच पाहिजे होतं.

अण्णांनी आधी त्याची पाठ उघडून पाहिली. "हे तर माझ्या उस्तादाच्या जमान्यातलं! नवं म्हणून जुनंच खपवलं की तुला."

माय हसली. "शिकलेल्या पोरीला?"

मग अण्णांनी मीटर लावून व्होल्टेज पाहिलं, आपला स्टॅबिलायझर जोडला. "हं. कर चालू."

नॉब सहावर. पहिलाच कॉर्ड दाटून, खरखरून, फाटून आला. दोन वर्षं मी त्याचीच वाट पाहत होते. अण्णांनी झडप घालून नॉब खाली आणला.

"फाटून राह्यला ना आवाज!"

"फाटायसाठीच घेतलाय, अण्णा."

ते बघतच राहिले. "आवाज फाटला म्हणून जिंदगीभर मांडवात शिव्या खाल्ल्या मी. अन् तू मुद्दाम फाडून घेतला?"

मला राग आला. मी नॉब परत सहावर नेला. अण्णा उठून चालायला लागले. मला वाटलं, संपलं.

माय म्हणाली, "रुसले न्हाईत. मांडवात बी असंच करतेत. शेवटच्या माणसाला कसं ऐकू येतंय ते पाहायला जातेत."

ते घरामागच्या वावरातून पार बांधापर्यंत गेले आणि पाठमोरे उभे राहिले. मी वाजवत राहिले. परत आले तेव्हा चपला मातीनं भरल्या होत्या.

"लांबून बराबर वाटून राह्यलं," म्हणाले. "जवळ मात्र मला सोसत न्हाई."

चौथ्या दिवशी मी निघाले. त्यापुढं मला तिथं राहवत नाही, हे मायला पाठ झालंय. पुण्यात नॉब दोनवर आहे आणि मी या खोलीतून त्या खोलीत फिरते. घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर एवढंच सांगेन: आपला आवाज आवडला नाही तरी तो कसा ऐकू येतो हे पाहायला जिथं कुणी बांधापर्यंत चालत जातं, ते घर. इथं तसं कुणी नाही. आणि तिथं मी टिकत नाही.